कोरडं पडलेलं इंजिन

अक्काची गाडी कोइंबतूरच्या ट्रॅकवरून टो-ट्रकवर चढून आमच्या शेडपाशी आली तेव्हा अक्का ड्रायव्हरशेजारी बसून होती. घरी जाऊन अंघोळ करून ये, असं मी फोनवर सांगितलं होतं, पण ती सरळ इकडेच आली. ट्रकमधून उतरली, डाव्या मनगटावरचा पट्टा सैल केला आणि म्हणाली, "माझ्या हातानं गेलं रे इंजिन."

इंजिन उघडल्याशिवाय कोण काय म्हणतं याला अर्थ नसतो. चालवणाऱ्यानं म्हटलं तरीही.

अक्का माझी थोरली बहीण. कुंभकोणमच्या एका मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि सुट्टी आली की ट्रॅकवर गाडी पळवते. आमच्या घराण्यात हे कुणाला पटलेलं नाही. तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर इकडे आलेली आमची माणसं पुढे कारकुनीत, मास्तरकीत, बँकेत गेली. इंजिनात हात घालणारा मी पहिला आणि गाडी पळवणारी अक्का पहिली. मी काही वर्षं पुण्यात एका इंजिन-चाचणीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे तुटकी इंजिनं यायची आणि ती का तुटली हे शोधणं हेच माझं काम होतं. माझ्या बोलण्यातल्या 'कोठे' आणि 'जेवूं' वर तिथले सहकारी हसायचे, आणि मी हळूहळू त्यांच्यासारखं बोलायला शिकलो. परत आलो आणि तिरुवलंचुळीच्या रस्त्यावर शेड टाकली. वेगवान गाड्यांची इंजिनं उघडायची, नव्यानं बांधायची. घरात आम्ही आमची जुनी बोलीच बोलतो. इथे लिहिताना मात्र वाचणारा अडखळू नये म्हणून ती जरा सरळ करून घेतली आहे.

तर अक्काचा हात. आदल्या वर्षी बसस्टँडच्या वळणावर तिची स्कूटर घसरली आणि डावं मनगट मोडलं. पट्टी आणि स्क्रू घालून बसवावं लागलं. आपल्याकडे गिअरची काठी डाव्या हातात असते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही कित्येक महिने ती ट्रॅकवर गेली नाही. भावजी, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचे, "आता पुरे झालं." तिनं ऐकलं नाही. मी तिच्या छोट्या टर्बो गाडीचं इंजिन नव्यानं बांधून दिलं आणि ती परत चालवायला लागली. दोनदा जाऊन आली, सगळं ठीक होतं. तिसऱ्या खेपेला हे झालं.

"कसं झालं ते सांग," मी म्हटलं.

"सरळ रस्ता संपतो तिथे जोरात ब्रेक मारला. पाचव्यातून चौथ्यात आणत होते. आणि त्याच क्षणी खाली कुणी हातोडा मारावा तसा आवाज. मग खडखड, आणि इंजिन बंद. चाकं अडकली. मी क्लच दाबला म्हणून वाळूत जाऊन थांबले." ती थांबली. "काठी जास्त डावीकडे गेली असणार. चौथ्याऐवजी दुसऱ्यात पडली असणार. मनगट अजून नीट वळत नाही माझं."

असं होतं. त्या वेगात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली तर चाकंच इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतात. झडपा वेळेत मिटत नाहीत, पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. असं इंजिन मी पुण्यात पाहिलं होतं.

"लाल दिवा लागला होता? तेलाचा?"

"ब्रेक मारताना मी दिव्याकडे बघत नाही. पुढच्या वळणाकडे बघते."

गाडी जुनी. वेग, फेरे, तेलाचा दाब यांची आठवण ठेवणारं कसलंही यंत्र त्यात नव्हतं. जे कळायचं ते लोखंडाकडूनच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गाडीतून काढून स्टँडवर बसवलं. शनिवार होता, शाळेला सुट्टी. अक्का येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मला ती तिथे नको होती. कुणी निकालासाठी समोर बसलं की हात घाई करतो. पण तिला जा म्हणणं मला जमलं नाही.

आधी तेल काढलं. तेल परातीत पडलं आणि उन्हात चमकायला लागलं. स्वामीमलैला ब्राँझच्या मूर्ती घडवणाऱ्यांकडे कानस मारल्यावर जमिनीवर जसा कीस पडतो, तसा बारीक कीस तेलात फिरत होता. बेअरिंगच्या धातूचा कीस. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात ती इंजिनाची मुख्य दांडी, फिरताना ज्या पातळ धातूच्या वाट्यांत बसते, त्या वाट्या झिजून तेलात उतरल्या होत्या.

"तेल कमी होतं का?" अक्कानं विचारलं.

मी मोजून पाहिलं. पुरेपूर होतं. मग तेल होतं, पण जिथे पाहिजे तिथे पोहोचलं नव्हतं. किंवा पोहोचत होतं आणि इंजिन दुसऱ्याच कारणानं मोडलं होतं. अजून काहीच म्हणता येत नव्हतं.

इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोची दांडी बोटानं हलवून पाहिली. ती डगडगत होती आणि टोकाला निळी पडली होती. लोखंड निळं पडतं ते भाजल्यावर. तेल मिळालं नाही की टर्बो आधी ओरडतो, पण ट्रॅकवरच्या आवाजात हेल्मेटच्या आत ते ऐकू येणं कठीण.

"निळं आहे म्हणजे?"

"थांब जरा, अक्का."

वरचं हेड काढायला घेतलं. याच्याखाली तिचा निकाल होता आणि तिला ते माहीत होतं. ती खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. शेवटचा बोल्ट सैल केला, हेड उचलून बाकावर ठेवलं आणि दिवा पिस्टनवर धरला. फिरवून फिरवून पाहिलं. काजळी होती. कुठेही खूण नव्हती. झडप आदळली की पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. तसला एकही नव्हता. झडपा एकेक काढून काचेच्या तुकड्यावर फिरवून पाहिल्या. सगळ्या सरळ.

"अक्का, काठी दुसऱ्यात पडली नव्हती."

"नक्की?"

"पडली असती तर इथे दिसलं असतं. तू गिअर बरोबर टाकलास."

ती बाहेर नळाखाली जाऊन हात धुवायला लागली. हाताला काही लागलेलं नसताना बराच वेळ धूत राहिली. मी तिकडे बघायचं टाळलं आणि इंजिन उलटं करून चेंबर काढायला घेतला. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते हे भांडं. अक्कानं मोडलं नाही म्हणजे मग ते माझ्या बांधणीत होतं.

पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी स्वच्छ निघाली. सांधे चिकटवायच्या सीलंटचा एकही तुकडा अडकलेला नव्हता. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक करून काढल्या. पंपापासून सगळ्यात लांबच्या रॉडची वाटी पार वितळून गोल फिरली होती, रॉड निळा-काळा पडला होता. शेजारची खालच्या तांब्याच्या थरापर्यंत घासली गेली होती. तिच्या शेजारची थोडी कमी. पंपाजवळची त्याहून कमी, पण घासलेलीच.

एकच वाटी गेलेली असती तर मी म्हटलं असतं, तिथली फट चुकीची ठेवली, किंवा बोल्ट नीट आवळला नाही. पण सगळ्याच गेल्या होत्या, आणि लांब जावं तसं नुकसान वाढत गेलं होतं. म्हणजे तेल मुळातच कमी दाबानं निघत होतं. शेताच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही तेव्हा शेवटचं भात आधी वाळतं, तसंच हे.

पंप उघडला. दाते ठीक. दाब सोडणारी झडप मोकळी, हलकी सरकत होती. आता एकच जागा उरली. जाळीची नळी जिथे पंपाला जोडली जाते तिथे एक काळी रबरी रिंग असते. करंगळीत घालता येईल एवढी. ती सांधा हवाबंद ठेवते. नळी ओढून बाहेर काढली आणि रिंगचा एक तुकडाच माझ्या तळहातावर पडला. उरलेला भाग खाचेबाहेर येऊन लोंबत होता. फुगलेला, बोटानं चेपला तर इडलीसारखा मऊ.

"बघ," मी अक्काला हाक मारली. "पंप इथून हवा ओढत होता. उसाचा रस प्यायच्या नळीला मध्येच भोक असलं की काय होतं? तोंडात नुसती हवा. आणि जोरात ब्रेक मारला की चेंबरमधलं तेल पुढे पळतं, मग उरलंसुरलंही मिळत नाही. म्हणून ते नेमकं तुझ्या गिअर बदलण्याच्या क्षणी मोडलं."

अक्कानं तुकडा दोन बोटांत धरला, दाबला, सोडला. तिचा चेहरा बदलला. वर्गात मुलीनं चुकीची बाटली उचलल्यावर होत असेल तसा.

"हे फुगलंय," ती म्हणाली. "तेलात फुगणारं रबर आहे हे. कुठून आणलंस?"

रिंग मी नेहमीच्या पार्ट्सच्या दुकानातून आणली होती. पाकिटावर इंजिनाचा प्रकार बरोबर छापलेला होता. माप बरोबर होतं. रंग, चकाकी, सगळं बरोबर. काळ्या रबराच्या रिंगा डोळ्यांना सारख्याच दिसतात. ब्रेकच्या द्रवात टिकणारं रबर गरम इंजिन तेलात टिकत नाही, हे मलाही माहीत होतं. पण पाकिटावर छापलेलं असताना आतलं रबर भलतंच असेल, असं मनात आलं नव्हतं.

"किंवा बसवताना माझ्याकडून चिमटली असेल," मी म्हटलं. "चिमटलेली रिंगही फाटते."

"फाटते, पण फुगत नाही. पाकिटात अजून आहे का?"

एक होती. पाकीट तीनचं होतं. अक्कानं शाळेच्या प्रयोगशाळेतून शिपायाकडून थर्मामीटर मागवला. शेडमधल्या स्टोव्हवर जुन्या पातेल्यात कोरं इंजिन तेल ठेवलं, आणि पाकिटातली उरलेली रिंग आणि दुसऱ्या एका इंजिनातून काढलेली मूळ रिंग, अशा दोन्ही तारेला बांधून त्यात सोडल्या. पेटवण्यापूर्वी दोन्हींची मापं घेतली. मग ती आच कमी-जास्त करत पातेल्यापाशी बसली. मी क्रँक धुऊन पाहत होतो. ती वाकली होती, तिचं पुढे काही होणार नव्हतं.

दुपारी भावजी जेवणाचा डबा घेऊन आले. पिठलं आणि भात. स्टोव्हवर तेल उकळतंय आणि बायको त्यात तार हलवतेय हे पाहून ते दारातच थांबले.

"तिचा दोष नाही, भावजी," मी म्हटलं.

"दोष नसला म्हणून काय झालं? इंजिन तर अडकलं ना? ती आत होती ना?"

त्यांचं खरं होतं. मी डबा उघडून तिघांना वाढलं.

जेवण झाल्यावर अक्कानं तार वर काढली. जुनी रिंग होती तशीच. पाकिटातली इतकी फुगली होती की खाचेत बसवायला गेलो तर बसेना, कडेनं बाहेर येत होती. अक्कानं दोन्ही कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"बसवताना चिमटली नव्हती," ती म्हणाली. "पाकीट तीनचं. एक माझ्या गाडीत गेली, एक ही. तिसरी?"

तिसरी आडुतुरैच्या एका भातगिरणीवाल्यांच्या गाडीत होती. त्यांची मोठी टर्बो सेडान, त्याच घराण्याचं इंजिन. दोन महिन्यांपूर्वी मीच बांधून दिलं होतं. एक मात्र बरं होतं. ती गाडी ते जपून ठेवायचे. रविवारी सकाळी कावेरीच्या काठानं एक फेरी, की परत कापडाखाली. आज शनिवार. मी फोन लावला. आज गाडी हलवू नका, एवढंच सांगायचं होतं.

फोन त्यांच्या बायकोनं उचलला. "ते तिरुचीला गेलेत. मुलीला विमानतळावरून आणायला. सिंगापूरहून येतेय ना. सासूबाई पण गेल्यात. आणि फोन बघा, इथेच चार्जिंगला विसरून गेले."

"कुठल्या गाडीनं?"

"त्या मोठ्या गाडीनं. मुलीला ती आवडते."

तंजावरच्या पुढे तिरुचीपर्यंत चौपदरी रस्ता आहे. सगळ्या गाड्या जोरात, मागे-पुढे ट्रक. अक्काचं इंजिन अडकलं तेव्हा चाकं आवळली होती. पण तिच्या हाताला ट्रॅकची सवय होती, क्लच दाबायचं तिला क्षणात कळलं, आणि बाजूला थांबायला वाळू होती. तिथे मागून ट्रक येत असतो आणि मागच्या सीटवर म्हातारी आई बसलेली असते.

"मुलीचा नंबर द्या," मी म्हटलं. मुलीला निरोप पाठवला, बाबांना गाडी सुरू करू देऊ नकोस, मी येतोय. एकच टिक उमटली, निरोप पोहोचला नव्हता. ती अजून हवेत होती.

मी माझ्या गाडीची किल्ली उचलली. अक्कानं ती माझ्या हातातून घेतली.

"तू फोन करत राहा. चालवते मी."

"तुझा हात—"

"माझ्या हाताला काही झालेलं नाही. आत्ता तूच सांगितलंस."

भावजी मध्ये आले. "तू नको. त्याला जाऊ दे. पोलिसांना सांगा, कुणाला तरी सांगा."

"सांगा ना तुम्ही. गाडीचा नंबर हा घ्या," अक्का म्हणाली. "तुम्ही इथून फोन लावा, आम्ही निघतो." भावजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून नंबर उतरवून घेतला. आमची गाडी रस्त्याला लागली तेव्हा ते हायवेच्या मदत क्रमांकावर तमिळमध्ये मोठ्यानं बोलत होते.

मला वाटलं होतं अक्का गाडी पळवेल. तिनं पळवली नाही. पापनाशमच्या बाजारात बैलगाडीमागे थांबली, शाळेपाशी थांबली, आणि रस्ता मोकळा मिळाला की मात्र एक क्षण वाया घालवला नाही. गिअरचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो हे तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. रस्त्याच्या कडेला बघ. कुठे उभे दिसतात का बघ."

मी बघत होतो. प्रत्येक मोठी गाडी मला त्यांचीच वाटत होती. मध्येच मी त्यांच्या बायकोला परत फोन केला. त्या म्हणाल्या, सासूबाईंना तंजावरला मोठ्या नणंदेकडे थोडा वेळ बसायचं होतं. नणंदेकडे फोन लावला. ते नुकतेच निघाले होते.

"नुकतेच म्हणजे?"

"कॉफी संपवली आणि निघाले. दारातून हात केला मी आत्ता."

तंजावर मागे टाकलं आणि चौपदरी लागली. ऊन उतरायला लागलं होतं, पण रस्ता तापलेलाच होता. मी मनात हिशेब मांडत होतो, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. रिंग किती फुगली असेल? तेल किती तापलं असेल? वेगात पंप जोरात फिरतो, तेव्हा दाब थोडा तरी टिकतो. इंजिन तापलेलं असताना गाडी रांगेत नुसती उभी राहिली की तेल पातळ झालेलं असतं, पंप हळू फिरतो, आणि दाब बसतो.

"टोलनाका," मी म्हटलं. "दिवा लागला तर तिथल्या रांगेत लागेल. आणि त्यांना दिसला तर ते थांबतील."

"आणि पुढे निघाल्यावर विझला तर?"

मी पुन्हा कडेच्या गाड्या बघायला लागलो.

टोलनाका ओलांडला आणि थोडं पुढे, कडेच्या पिवळ्या रेषेबाहेर, ती गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं. मागचं दार उघडून म्हातारी बसली होती आणि पदरानं वारा घेत होती. अक्कानं ब्रेक मारेपर्यंत गिरणीवाल्यांनी बॉनेट खाली आपटून बंद केलं आणि आत जाऊन बसले. मी गाडी थांबायच्या आत दार उघडलं आणि धावलो.

"वेण्डाम! सावी तिरुप्पादींग!" नको, किल्ली फिरवू नका. ट्रकच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पण म्हातारीनं ऐकलं. तिनं मागून मुलाचा खांदा पकडला.

ते बाहेर आले. मला तिथे पाहून गोंधळले. "तुम्ही इथे कसे?"

"दिवा लागला होता?"

"टोलच्या रांगेत लुकलुकला. निघाल्यावर विझला. मला वाटलं वायर सैल असेल. तरी म्हटलं जरा थंड होऊ दे. आता निघतच होतो, विमान उतरलं असेल."

मी त्यांना रिंगचं सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आणि हे तुम्ही माझ्या गाडीत बसवलंत. माझी आई बसते त्या गाडीत."

"हो."

"बसवण्याआधी तपासलं नाहीत?"

"माप तपासलं. रबर तपासलं नाही. पाकिटावर छापलेलं होतं ते मानलं."

ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येकाबरोबर आमचे कपडे फडफडत होते. शेवटी म्हातारीच बोलली. तिनं अक्काकडे बोट केलं. "ही बाई कोण?"

"बहीण. हिनंच शोधून काढलं."

"मग हिला म्हणावं, मला विमानतळावर ने. नात वाट बघत असेल. भांडायचं ते हे दोघे इथे भांडतील."

अक्कानं तिला हात देऊन आमच्या गाडीत बसवलं. गिरणीवालेही जाऊन बसले, माझ्याकडे न बघता. तेवढ्यात माझ्या फोनवर मुलीचा निरोप आला: उतरले, काय झालं? मी लिहिलं, सगळे ठीक आहेत, तुला घ्यायला येताहेत.

ते गेल्यावर मी त्या गाडीपाशी एकटा उभा राहिलो, टो-ट्रकची वाट बघत. बाजूच्या खांबाला टेकून खाली बसलो. भावजींचा फोन आला. "सापडले का?" सापडले, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ती कुठे आहे?" मी म्हटलं, "चालवतेय. नीट चालवतेय." "बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या गाडीचा चेंबर मी सोमवारी उघडला. गिरणीवाले स्वतः समोर उभे होते. रिंग फुगून एका बाजूनं खाचेबाहेर सरकली होती, अजून फाटली नव्हती. वाट्यांवरचा करडा थर झिजून शेवटच्या वाटीत तांब्याची एक बारीक रेघ दिसायला लागली होती. क्रँक शाबूत होती. मी ती रेघ त्यांना दाखवली. त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"घरापर्यंत पोहोचलो असतो?"

"नाही वाटत."

त्यांनी मान हलवली. गाडी माझ्याकडेच ठेवली, दुसरीकडे नेली नाही. पण मला पूर्वी 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे, ते पुन्हा कधी म्हटलं नाही.

पार्ट्सच्या दुकानात मी आणि अक्का दोघं गेलो. दुकानदार आधी ऐकायला तयार नव्हता. पाकिटावरचं छापील नाव दाखवत राहिला. अक्कानं त्याच्या काउंटरवर दोन्ही रिंगा शेजारी ठेवल्या आणि वर्गात बोलते तशा आवाजात, न चिडता, सांगितलं. ऐकून त्यानं फळीवरची त्या खोक्यातली सगळी पाकिटं खाली काढली, आणि ज्यांना दिली होती त्या गॅरेजना आमच्यासमोरच फोन लावले. एका गॅरेजनं ती रिंग अजून वापरली नव्हती. दुसऱ्यानं वापरली होती, पण गाडी अजून त्यांच्याकडेच होती. माल पाठवणाऱ्याकडे आम्ही तक्रार केली. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

आता मी प्रत्येक नव्या पाकिटातली एक रिंग आधी तेलात उकळतो. गिऱ्हाइकाला घाई असली तरी. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली.

अक्काचं इंजिन उभं राहायला बरेच महिने लागले. क्रँक दुसरीकडून मिळवावी लागली. या वेळी चेंबरच्या आत आडवे पत्रे बसवले, ब्रेक मारल्यावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून. आणि डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा बसवला, दाब उतरला तर कानाला ऐकू जाईल असा भोंगाही. तो भोंगा भावजींनी सुचवला.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी ते रजा काढून आले. इंजिन एकदम पेटवायचं नसतं. स्पार्क प्लग काढून ठेवायचे आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत राहायचं, तेल शेवटच्या वाटीपर्यंत पोहोचेपर्यंत. अक्का आत बसली. भावजी खिडकीशी वाकून काट्याकडे बघत होते. मी खूण केली, तिनं किल्ली फिरवली.

इंजिन घरघरत फिरायला लागलं. काटा शून्यावर.

"अजून," मी म्हटलं.

काटा शून्यावरच. नव्या इंजिनाला वेळ लागतो, नळ्या आधी भराव्या लागतात, हे मला माहीत होतं. शंभर वेळा पाहिलेलं होतं. अक्काचे डोळे माझ्यावर होते. तरी थांब म्हणू का, असं वाटलं, आणि तोंड उघडणार इतक्यात भावजी ओरडले, "हलला! अगं हलला बघ!"

काटा थरथरला, थोडा मागे आला, आणि मग सरळ वर चढत गेला.